मुलगी तिकडे जाणार नाही

आम्ही बसमध्ये राहतो असं सांगितलं की मस्कतमधली आपली माणसं आधी हसतात. त्यांना वाटतं, फ्लॅट बदलत असतील, मधले चार दिवस कुठेतरी काढायचे म्हणून काढत असतील. मग कळतं की आम्ही खरंच राहतो, बारा महिने, नवरा, मी आणि दहा वर्षांची मुलगी. तेव्हा चेहरे बदलतात. गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काही प्रॉब्लेम झालाय का गं? जॉब वगैरे?" मी म्हटलं, "जॉब आहे. प्रॉब्लेम नाही. आवडतं म्हणून राहतो." बाईंनी माझ्या ताटात एक मोदक जास्त घातला. त्यांना दया आली होती. मी तो मोदक त्यांच्यासमोरच उभं राहून खाल्ला आणि आणखी एक मागितला.

बसची गोष्ट साधी आहे. नवरा मोबाइल टॉवरच्या जनरेटरची देखभाल करतो. काम आज सोहारला, उद्या सूरला, मध्येच पार दुक्मला. मुलगी आणि मी अल खौदच्या फ्लॅटमध्ये बसून त्याची वाट बघायचो. तेलाचे भाव पडले, कंपनीने घरभाडं कापलं, तेव्हा बाकीच्यांनी लहान फ्लॅट शोधले. मी म्हटलं, फ्लॅटच नको. गाला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका गॅरेजमागे जुनी स्कूलबस उभी होती, ती घेतली. सीट काढून टाकल्या, सुताराकडून झोपायच्या जागा, ओटा आणि कपाटं करून घेतली. कपाटांना कड्या लावल्या, कारण वळणावर सगळं अंगावर येतं. देवसुद्धा कडीच्या आत. कागदोपत्री बस नवऱ्याच्या अर्बाबच्या, म्हणजे त्याच्या ओमानी मालकाच्या नावावर राहिली. तो एकदा बघायला आला, आत शिरला, ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "इन्शाल्ला." इथे या शब्दात होकार, नकार आणि 'तुम्हाला वेड लागलंय', सगळं मावतं.

मुलीला शाळेतून काढलं. ती बसच्या मागच्या खिडकीशी बसून अभ्यास करते आणि ओपन स्कूलची परीक्षा देते. यावर लोकांनी सगळ्यात जास्त नाकं मुरडली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं नवऱ्याच्या एका मित्राने माझ्या तोंडावर म्हटलं. मी म्हटलं, हो ना, आणि विंचवीण पोरंही पाठीवर घेऊन हिंडते, दुसऱ्याच्या घरी ठेवून येत नाही. त्याचा मुलगा तेव्हा सांगलीला मामाकडे होता.

मी हे उगाच नव्हते बोलले. माझं लहानपण मस्कतमधल्याच वादी अदाई भागात गेलं. वडील गालाच्या एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर होते, आणि आम्ही डोंगराला टेकलेल्या एका इमारतीत दोन खोल्यांत राहायचो. त्या घरात इतक्या वर्षांत आईने भिंतीला एक खिळा ठोकला नाही. कॅलेंडर दाराच्या कडीला. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं खोकं, सगळी थर्माकोलसकट कपाटावर रचलेली, कारण जाताना त्यातच भरून न्यायचं होतं. चांगले कप, चांगल्या चादरी, जाड ब्लँकेटं, सगळं 'तिकडे'साठी. तिकडे म्हणजे पुण्याला. वडिलांनी पुण्यात फ्लॅट घेतला होता आणि तो कुलपात होता. वडिलांना गाला ते वादी अदाई सोडून दुसरा रस्ता माहीत नव्हता म्हटलं तरी चालेल. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कुरुमच्या बीचवर चटई टाकून पोहे खायचे, अंधार पडायच्या आत परत. सूरला जाऊ, निझवाला जाऊ, हे दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं.

आणि मुलं. दहावी झाली की मुलांना तिकडे पाठवायचं, हा आमच्यातला रिवाजच होता. पुढे आयुष्य तिकडेच काढायचंय, तर सवय नको का व्हायला, असं सगळे एकमेकांना सांगायचे. मुलांना कोणी काही विचारायचं नाही. परीक्षा संपायच्या आधी बॅगा यायच्या, आणि मे महिन्यात विमानतळावर अशा मुलांची गर्दी असायची, नवे बूट घातलेली, आईकडे न बघणारी. पंधराव्या वर्षी मीही त्या गर्दीत होते.

मला पुण्याला आत्याकडे ठेवलं. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायचे. आमचा स्वतःचा फ्लॅट दोन गल्ल्या सोडून होता, पण एकट्या मुलीला तिथे कसं ठेवणार? आत्या वाईट नव्हती, ताटात तिने कधी कमी वाढलं नाही. पण हक्काने ओरडायचं ते स्वतःच्या मुलांवर, हे तिला माहीत होतं, आणि मला कोणावर रुसायचं हे कळत नव्हतं. शुक्रवारी वडिलांचा फोन यायचा. अभ्यास कसा चाललाय, जेवतेस ना, दे आत्याकडे. मागून आईचा आवाज यायचा, "लवकर आटपा, मिनिटं चाललीत." मला तेव्हा राग आला नाही. सगळ्यांचं तसंच होतं, मग राग कसला? राग आला तो पुढे, माझी मुलगी झाल्यावर, आणि तो अजून गेलेला नाही. जाऊ द्यायचाही नाहीये.

लग्नाच्या वेळी मस्कतच्या नोकरीचं स्थळ आलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मुलगा कसा आहे ते नंतर बघितलं. नशिबाने बरा निघाला.

बस घेतल्यावर मी माझ्या लहानपणीच्या जागा पुन्हा बघत सुटले. नवऱ्याचं काम जिकडे असेल तिकडे जाताना वाट वाकडी करायची. शाळेचं फाटक बघितलं. मत्राच्या धक्क्यावर मी आईस्क्रीम सांडून मार खाल्ला होता ती पायरी मुलीला दाखवली. वादी अदाईच्या इमारतीमागचा डोंगर, ज्याच्यावर चढायला आम्हाला सक्त मनाई होती, तो मुलीने दोन्ही हातांनी धरून चढून दाखवला आणि वरून ओरडली, "मम्मा, इथून तुझं घर अगदी टायनी दिसतं." मग ज्या जागा मी लहानपणी नुसत्या ऐकल्या होत्या त्याही बघितल्या. मुलीला सवय अशी झाली की कुठे थांबलो की ती विचारते, "हे तू पाहिलेलं आहे, का पाहायचं राहिलेलं आहे?" राहिलेलं जास्त निघालं.

वडील वारल्यानंतरच्या दुसऱ्या थंडीत आई आली. वडिलांच्या निवृत्तीनंतर दोघं पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती, तिथे ती आता एकटीच होती. विमानतळाच्या पार्किंगमध्ये बस बघून तिने फक्त "हे?" एवढंच म्हटलं. नवऱ्याने अदबीने सगळं दाखवलं. "आई, हा तुमचा पलंग. पाण्याची टाकी इथे. बाथरूम मागे आहे, लहान आहे, पण आपलं स्वतःचं आहे." आईने कडी काढून देव बघितले, पुन्हा कडी लावली. "देवांनाही बांधून ठेवलंय," ती म्हणाली. पहिल्या रात्री ती घोरत होती. सकाळी म्हणाली, डोळ्याला डोळा लागला नाही.

नवऱ्याचं काम सूरकडे होतं, म्हणून आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने निघालो. कुरियातच्या पुढे समुद्राशी बस लावली. मी चहा टाकत होते. आई आणि मुलगी बाहेर चटईवर होत्या. मुलगी आत आली आणि तिने सरळ विचारलं, "मम्मा, मी आजीबरोबर फ्लाइटने जाणार आहे का? फॉर स्कूल?"

गॅस बंद करून मी बाहेर गेले. आईने लपवलं नाही, ती लपवणारी नाहीच. परतीचं तिकीट तिने दोघींचं काढलं होतं. पुण्यात चांगल्या शाळेत बोलून ठेवलं होतं. मुलीसाठी खोली रंगवून घेतली होती.

"पासपोर्ट तुझ्याकडेच आहे ना? तेवढा दे," ती म्हणाली.

"मला न विचारता तिकीट काढलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"आत्ताही नाहीच म्हणतेय."

"अगं, पोरीचं शिक्षण आहे. तिला धड मराठी बोलता येत नाही, मित्रमैत्रिणी नाहीत, आज इथे उद्या तिथे. तुम्हाला हौस आहे, तुम्ही राहा. तिला कशाला?"

"ती माझी आहे म्हणून," मी म्हटलं.

बसच्या पायरीवर बसलेला नवरा उठला आणि टायर बघतो म्हणून बसच्या पलीकडे गेला. आमचं दोघींचं वाजलं की त्याला टायर बघायचे असतात.

सूरपर्यंत आई माझ्याशी कामापुरतंच बोलली. मुलीशी मात्र भरपूर. दोघी होड्या बांधायच्या जागी गेल्या, दीपस्तंभाजवळ फिरल्या, आजीने नातीला शंखांची नावं सांगितली, बरीचशी स्वतःच ठरवून. वडिलांनी आईला सूर दाखवायचं म्हणून आयुष्यभर पुढे ढकललं होतं, आणि आता ती किनाऱ्यावर पदर खोचून उभी राहिली की किती वेळ हलायचीच नाही. मला तिच्याकडे बघून बरं वाटायचं, आणि पाठोपाठ तिकीट आठवून डोकं तापायचं. दोन्ही एकाच वेळी होत होतं. पासपोर्ट मी पिठाच्या डब्यामागून काढून माझ्या उशीखाली ठेवला. आई काही चोरी करणार नव्हती. तरी ठेवला.

परतताना तिनेच म्हटलं, "वादी अदाईचं घर बघायचंय."

तो फ्लॅट आपल्याच माणसांत फिरत राहिलेला आहे. एक कुटुंब गेलं की दुसऱ्याला सांगून जातं. आता तिथे चिपळूणकडचं एक कुटुंब राहत होतं. दार उघडणारी बाई माझ्याहून थोडी मोठी होती. आम्ही पूर्वी इथे राहायचो म्हटल्यावर तिने हात धरून आत घेतलं. "बसा हां. पसारा हाय जरा. चाय ठेवतंय." भिंती कोऱ्याच होत्या. कपाटावर खोकी होती, आमच्या वेळेपेक्षा मोठी, कारण टीव्ही मोठे झाले होते. आईने वर बघितलं आणि नजर खाली घेतली.

पसारा म्हणजे हॉलच्या मधोमध उघडी पडलेली एक नवी बॅग. बाईची मुलगी दहावीला होती. ती भिंतीला टेकून फोनमध्ये तोंड घालून बसली होती, अगदी मी बसायचे त्या कोपऱ्यात. आम्ही आत आलो तरी तिने वर बघितलं नाही.

"परीक्षा झाली की जातली तिकडे," बाई म्हणाली. "माझ्या वहिनीकडं ठेवतोय. इथं ठेवून काय करणार? शेवटी जायचंच हाय सगळ्यांना."

हे वाक्य मी लहानपणी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचा शब्द मला माहीत असायचा. मला वाटलं, आता आई मान डोलावेल आणि माझ्याकडे बघेल, बघ, अजूनही शहाणी माणसं असंच करतात म्हणून. आईने चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनी कशी आहे?" तिने विचारलं.

"चांगलीच हाय. तिलापण दोन पोरी हायत."

"हिला विचारलंस का?"

बाईला काही कळलं नाही. "काय विचारायचं?"

"जायचंय का ते."

कोपऱ्यातल्या मुलीने पहिल्यांदा फोनमधून मान वर केली. बाई हसली, अवघडून. "तिला काय कळतंय, आजी? आपण तिच्या भल्याचंच करतोय ना." आम्ही चहा संपवला आणि निघालो. जिन्यात आईने माझ्या मुलीचा हात धरला होता.

बस अमेरातच्या घाटात आली. डोंगर फोडून केलेला रस्ता आहे तो, वर गेलं की खाली सगळं वादी अदाई दिसतं. तिथे नवऱ्याने गाडी बाजूला घेतली, आणि मग माझ्याने राहवलं नाही.

"त्या बाईला विचारलंस, मुलीला विचारलं का म्हणून. मला कोणी विचारलं होतं?"

"तेव्हा विचारायची पद्धत नव्हती," आई म्हणाली.

"चुकीचं होतं ते."

"तू एकटीच नव्हतीस गेली. सगळ्यांची मुलं गेली. शिकलीस, नोकरी केलीस, संसार झाला. काय वाईट झालं तुझं?"

"वाईट काही झालं नाही. तू नव्हतीस, एवढंच."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मुलगी मागे हेडफोन लावून बसली होती, पण गाणं बंद होतं हे मला माहीत होतं. मी तिला बाहेर जा म्हटलं नाही. तिच्याबद्दलच चाललं होतं, तिने ऐकायलाच हवं होतं.

"उद्या तुमचा व्हिसा संपला तर?" आई म्हणाली. "नवऱ्याची नोकरी गेली तर? महिन्याभरात खलास, सगळं सोडून निघायचं. मग या पोरीला हे डोंगर न् समुद्र दाखवून काय मिळवलंस? जे आपलं नाही त्याचा लळा लावू नये माणसाने."

"जे आपलं आहे त्याचा तरी कुठे लागू दिलास?"

हे जरा जास्त झालं असं कोणी म्हणेल. म्हणोत. मुलगी झाल्यापासून ते माझ्या पोटात होतं, आणि ते बोलायला त्या घाटापेक्षा चांगली जागा मला मिळाली नसती. आई रडली नाही. तिने चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसला.

"फ्लॅटमध्ये एवढ्या खोल्या आहेत," ती शेवटी म्हणाली. "सकाळी उठून कुठल्या खोलीत बसायचं तेही ठरत नाही. हे होते तेव्हा निदान हे ज्या खोलीत बसले तिथे बसायचे."

ते घर उभं करायला तिने सगळं आयुष्य बांधून कपाटावर ठेवलं होतं, आणि ते घर मिळाल्यावर त्यात बोलायला कोणी नव्हतं. शाळा, मराठी, मित्रमैत्रिणी, सगळं खरं असेल, पण तिला सोबत हवी होती. आईला सोबत हवी असणं यात गैर काय? तरीही माझं उत्तर बदललं नाही. आईला एकटेपणाचं दुःख होतं म्हणून माझी मुलगी मी उचलून देणार नव्हते, जशी मला उचलून दिली होती तशी.

"तू ये," मी म्हटलं. "जितके दिवस व्हिसा मिळेल तितके दिवस ये. पुन्हा पुन्हा ये. सुट्टीत आम्ही तिघं तुझ्याकडे येऊ, त्या रंगवलेल्या खोलीत झोपू. पण मुलगी नाही देणार."

"तिकीट वाया जाईल."

"जाऊ दे."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि सोडलाही नाही. उरलेल्या दिवसांत ती नातीला पुण्याच्या शाळेबद्दल सांगत राहिली. मुलगी ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "आजी, मला तुझी रूम बघायची आहे. पण मम्मा येणार तेव्हा." आजीने तिच्या केसांना तेल लावता लावता जरा जोरात वेणी ओढली.

जायच्या दिवशी बसमधून उतरताना आईने विचारलं, "पासपोर्ट घेतलास?"

"तुझाच घेतलाय," मी म्हटलं.

तिने मान हलवली. कशाला हलवली ते मला कळलं नाही. विमानतळावर आम्ही तिघंही तिच्याबरोबर काउंटरपर्यंत गेलो. मुलीने आजीची ट्रॉली ढकलली. मी मनाशी ठरवून आले होते, इथे तमाशा झाला तर होऊ दे, सगळ्यांसमोर नाही म्हणायचं, पण मुलीचा हात सोडायचा नाही. तो मी इतका घट्ट धरला होता की ती एकदा "मम्मा, दुखतंय" म्हणाली.

काउंटरवरची ओमानी मुलगी छान हिंदी बोलत होती. तिने स्क्रीनवर बघितलं. "अम्मा, बुकिंग में दो लोग हैं. दूसरा पैसेंजर?"

आईने मागे बघितलं, नातीकडे, मग तिच्या हाताकडे, माझ्या मुठीतल्या.

"वो नहीं आयेगी," ती म्हणाली.

"क्यों अम्मा? तबियत ठीक नहीं?"

"तबियत अच्छी है. उसकी आई उसको छोड़ती नहीं."

त्या मुलीने ठीक आहे म्हणून मान डोलावली आणि बटणं दाबायला लागली. आई काउंटरवर हात ठेवून उभी होती. काउंटरवरच्या मुलीला मराठीतलं अक्षर कळणार नाही हे माहीत असूनही तिने त्या मुलीलाच सांगितलं, हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत.

"मी सोडली होती माझी."